किनाऱ्यावरच्या वाळूतील मायक्रोप्लास्टिक वेगळे करून त्याचा उगम कसा ओळखावा

किनारा स्वच्छतेच्या मोहिमेत बाटल्या आणि पिशव्या उचलल्या जातात, पण 5 मिलिमीटरपेक्षा लहान असलेले मायक्रोप्लास्टिकचे कण वाळूतच राहून जातात. हे कण घरच्या साधनांनीही वेगळे करता येतात. मात्र केवळ कण मोजून थांबू नये; कण कशाचा आहे हे ओळखल्याखेरीज दोष आणि उपाय दोन्ही भलत्याच ठिकाणी जातात.

अमावास्या किंवा पौर्णिमेच्या उधाणानंतर ओहोटी लागली की किनाऱ्यावर जावे. भरतीने मागे सोडलेल्या काडीकचऱ्याच्या रेषेवर 25 सेंटिमीटर बाजूचा चौकोन आखून वरचा 2 सेंटिमीटर थर स्टीलच्या पळीने काढावा आणि स्टीलच्या डब्यात भरावा. त्याच रेषेवर थोड्या थोड्या अंतराने असे तीन चौकोन घ्यावेत, कारण हे कण किनाऱ्यावर सारखे पसरलेले नसतात. अंगात सुती कपडे असावेत, नाहीतर आपल्याच कपड्यांचे धागे नमुन्यात मिसळतात.

वाळू सावलीत वाळवून गव्हाच्या चाळणीने चाळावी. एक लिटर पाण्यात सुमारे 350 ग्रॅम मीठ विरघळवून ते पाणी आधी गाळणकागदातून गाळून घ्यावे. समुद्री मिठातही मायक्रोप्लास्टिक आढळलेले असल्यामुळे ही पायरी वगळू नये. चाळलेली वाळू काचेच्या बरणीत या पाण्यात ढवळून दोन-तीन तास स्थिर ठेवावी. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, थर्मोकोल आणि नायलॉन या प्लास्टिकच्या प्रकारांची घनता अशा पाण्यापेक्षा कमी असल्याने ते वर येतात, तर बाटल्यांचे पेट (PET) प्लास्टिक आणि पाइपांचे पीव्हीसी वाळूबरोबर तळाशीच राहते. म्हणून या पद्धतीने मिळालेला आकडा नेहमी प्रत्यक्षापेक्षा कमी असतो, हे नोंदीत स्पष्ट लिहावे. वर तरंगणारा थर गाळून घ्यावा आणि हीच कृती त्याच वाळूवर आणखी दोनदा करावी.

गाळलेल्यात पालापाचोळा आणि लाकडाचे कणही असतात. शंका येईल त्या कणाला चिमट्यात धरून तापवलेल्या सुईचे टोक लावावे. प्लास्टिक बहुधा मऊ पडते किंवा वितळते. लाकूड करपते आणि शिंपल्याच्या कपच्यांना काहीच होत नाही. हे काम हवेशीर जागेत करावे.

आता भिंग घेऊन आकार पाहावा. वेड्यावाकड्या कडांचे, रंग उडालेले तुकडे हे उन्हाने आणि लाटांच्या माऱ्याने फुटलेल्या मोठ्या वस्तूंचे असतात; नाले आणि खाड्यांमधून वाहून आलेला शहरांचा कचरा हे त्यांचे प्रमुख कारण. हिरवे-निळे जाड तंतू बहुतेक वेळा मासेमारीच्या जाळ्यांचे आणि दोरांचे असतात. त्यासाठी मच्छीमारांना बोल लावण्याआधी तुटकी जाळी जमा करण्याची सोय बंदरावर आहे का, हे पाहणे मला जास्त न्याय्य वाटते. साबुदाण्यासारखे गोल, गुळगुळीत, पांढरे किंवा पिवळट पडलेले दाणे मिळाले, तर ते प्लास्टिक उद्योगाच्या कच्च्या मालाचे असण्याची शक्यता मोठी आहे. हे दाणे कोणत्याही घरातल्या कचऱ्यातून आलेले नसतात. ते कारखान्यात, वाहतुकीत किंवा जहाजावरून सांडतात. 25 मे 2025 रोजी कोचीजवळच्या समुद्रात ‘एमएससी एल्सा 3’ हे जहाज बुडाल्यानंतर असेच दाणे तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर येऊन पडले होते. कृत्रिम कपड्यांचे धुण्यातून निघणारे धागे आणि टायरची झीज मात्र इतकी बारीक असते की तिच्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

नोंदीत तारीख, जागा, भरतीची वेळ आणि प्रत्येक प्रकारच्या कणांची वेगळी संख्या लिहावी. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा किनाऱ्यावर बराच कचरा आणून टाकतात, म्हणून एकदा मे महिन्यात आणि एकदा नारळी पौर्णिमेनंतर त्याच जागी नमुने घ्यावेत. दाणे एकाएकी मोठ्या संख्येने दिसले, तर पावसाळा सरण्याची वाट न पाहता छायाचित्रांसह प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावे.