छोट्या वर्कशॉपला अप्रेंटिस घ्यायचाय? मग आधी हे वाचा

आमचं वर्कशॉप कोल्हापुरात, शिरोली एमआयडीसीत. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतं, आम्ही त्याचं मशिनिंग, म्हणजे मशीनवर मापात कापणं, करून देतो, वीसेक माणसं आहेत. आसपासच्या जवळपास प्रत्येक मालकाच्या तोंडी एकच वाक्य असतं, चांगला ऑपरेटर मिळत नाही हो. खरं आहे ते, मिळत नाहीच, पण तो अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार, घेऊन घडवायला सरकार थोडेफार पैसे देतं हे कित्येकांना माहीत नसतं आणि ज्यांना माहीत असतं ते कागदपत्रांच्या नावानंच मागं सरतात. म्हणून आम्ही काय केलं, कुठं अडलो, ते सगळं क्रमानं लिहितोय.

पहिलं म्हणजे योजना ओळखा, कारण इथंच लोकांची गल्लत होते. आयटीआय झालेल्या पोरांसाठी नॅप्स, म्हणजे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना, २०१६ पासून चालू आहे. डिप्लोमा आणि डिग्रीवाल्यांसाठी नॅट्स, म्हणजे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना, ती मुंबईच्या बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंगकडून चालते आणि तिथं किमान स्टायपेंडचा (विद्यावेतनाचा) निम्मा वाटा सरकार उचलतं. तिसरी आपल्या राज्याची, २०२४ साली आलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, तिच्यात विद्यावेतन राज्य सरकार थेट पोराच्या खात्यात टाकतं, महिन्याला बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० अशी ती सुरू झाली. ऑफिसात, स्टोअरला कामाचा अनुभव द्यायला ती ठीक, पण टर्नर-फिटर घडवायचा असेल तर माझं स्पष्ट मत नॅप्सच घ्या, कारण त्यात शेवटी परीक्षा असते आणि पास झाला की पोराला राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं, जे उद्या तुमचं वर्कशॉप सोडून कुठंही गेला तरी त्याच्या कामी येतं.

आता हिशोब. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा, २०१९ साली त्याचे नियम बदलले. ३० किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं बंधनकारकच, ४ ते २९ असतील तर तुमच्या मर्जीवर. मोजताना कंत्राटी माणसंही धरायची, आणि एकूण संख्येच्या अडीच ते १५ टक्क्यांपर्यंत अप्रेंटिस घेता येतात, म्हणजे वीस माणसांच्या वर्कशॉपला जास्तीत जास्त तीन. किमान स्टायपेंडचे २०१९ च्या नियमातले महिन्याचे आकडे असे, दहावीला ६,०००, आयटीआयला ७,०००, दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ. आकडे बदलत असतात तेव्हा करार करायच्या दिवशी सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर काय दिसतंय तेच धरा. नॅप्समध्ये सरकारचा वाटा स्टायपेंडच्या २५ टक्के, पण महिन्याला १,५०० च्या वर नाही, आणि तो तुमच्या खात्यात येत नाही, थेट पोराच्या खात्यात जातो. म्हणजे वर्षाला एका पोरामागं १८,०००. अप्रेंटिसला पीएफ-ईएसआय लागू नाही. पण सुरक्षेचे नियम कामगाराला जे तेच त्याला, आणि इजा झाली तर भरपाईची जबाबदारी तुमची, हे विसरू नका.

१८,००० साठी एवढा खटाटोप कशाला असं वाटत असेल तर खरंच करू नका. पैसा हा यातला छोटा भाग आहे. स्वस्तात हेल्पर मिळतोय म्हणून कुणी अप्रेंटिस घेत असेल तर तो त्या पोराचं एक वर्ष खातोय, आणि हे मी कळकळीनं सांगतोय कारण आमच्याकडचं पहिलं पोरगं चौथ्या महिन्यात सोडून गेलं. त्याला आम्ही डिबरिंग (धारदार कडा घासणं) आणि पॅकिंगलाच ठेवलं होतं, ऑर्डर जास्त होती म्हणून आज-उद्या करत मशीनवर घेतलंच नाही. चूक आमची होती आणि मला तिचं आजही वाईट वाटतं.

कागदपत्रांचं म्हणाल तर फर्मचं पॅन, जीएसटी, उद्यम नोंदणी आणि बँक पासबुक एका फाईलला लावून ठेवा. अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर आस्थापनेची नोंदणी करायची, मग कुठल्या ट्रेडला किती जागा ते टाकायचं, पोरं अर्ज करतात किंवा तुम्ही जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन सरांना भेटून पोरं निवडायची आणि त्यांना पोर्टलवर नोंदणी करायला लावायची. हा दुसरा रस्ता चांगला. निकाल लागला की लगेच जा, उशीर केला की चांगली पोरं मोठ्या कंपन्यांकडं गेलेली असतात. मग ऑनलाइन करार होतो, तो मंजूर झाल्याशिवाय पोराला मशीनला हात लावू देऊ नका.

आम्ही अडलो ते दोन ठिकाणी. आधारवर नाव एक आणि आयटीआयच्या मार्कशीटवर वडलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं, त्यात तीन आठवडे गेले. दुसरं, पोराचं खातं होतं पण ते आधारशी जोडलेलं नव्हतं, सरकारी वाटा पाच महिने आलाच नाही आणि पोराला वाटलं आम्हीच पैसे दाबून ठेवलेत. तेव्हा पोरगं निवडल्याच्या दिवशीच त्याला घेऊन बँकेत जा, आधार जोडलंय का आणि डीबीटी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येणं, चालू आहे का ते काउंटरवर विचारा. स्टायपेंडचा आपला वाटा दर महिन्याला बँकेतूनच द्या, रोख कधीच नको, आणि त्याची नोंद त्याच आठवड्यात पोर्टलवर चढवा.

आता खरं काम, शिकवणं. पहिल्या दिवशीच एक माणूस नेमा, मालक नाही, फ्लोअरवरचा. आमच्याकडं एक मामा आहेत, तीस वर्षं लेथवर गेली. ते पोराला पहिला आठवडा मशीन चालूच करू देत नाहीत, मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) हातात देतात आणि तयार झालेले वीस बुश, म्हणजे पोकळ गोल भाग, टेबलावर मांडतात. पोरानं आयटीआयत मायक्रोमीटर बघितलेला असतो पण हातात बसलेला नसतो, थिंबल (त्याची फिरवायची नळी) नुसतं दाबून फिरवतं आणि माप कमी येतं. मग मामा त्याचं बोट रॅचेटवर, म्हणजे ठराविक दाबाला घसरणाऱ्या टोकाच्या बटणावर, ठेवतात, टिक टिक वाजलं की थांब म्हणतात. थिंबलवर रेघा पन्नास, एक फेरा अर्धा मिलिमीटर, मग एक रेघ किती, ते त्याच्याच तोंडून काढून घेतात. ०.०१ हे उत्तर पाठ असणं वेगळं आणि एकच बुश तीनदा मोजून तीनदा तेच माप येणं वेगळं, त्याला आमच्याकडं चार दिवस लागतात. चार दिवस उत्पादन शून्य, पण तेच पोरगं पुढं सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) इन्सर्ट, म्हणजे कापणारा तुकडा, झिजला की जॉब (बनत असलेला भाग) बाद व्हायच्या आधी ऑफसेट मारतं, म्हणजे मशीनमधलं माप तेवढं सरकवतं.

पुढचे महिने साधारण असे वाटून घ्या, पहिले दोन मापं आणि ड्रॉइंग वाचणं, पुढचे तीन साधा लेथ, मग सीएनसीवर मामांच्या शेजारी उभं राहून सेटिंग, शेवटचे तीन महिने एक मशीन त्याच्या नावावर. हे एका कागदावर लिहून भिंतीला लावा, पोराला दिसलं पाहिजे आपण कुठं चाललोय. आणि लॉगबुक रोज भरून घ्या, मराठीत चालेल, काय काम केलं, काय बिघडलं, कोणी दाखवलं. महिन्याच्या शेवटी बसून तीस दिवसांचं एकदम लिहिलेलं लॉगबुक कुणाच्याच उपयोगाचं नसतं. परीक्षेच्या तारखा पोर्टलवर आधीच बघा, फॉर्म वेळेत भरा आणि अभ्यासाला त्याला आठवडाभर लवकर सोडा.

जुन्या कामगारांनाही विसरू नका, आपल्याकडं त्यांचा विचार कुणी करत नाही. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, केंद्राच्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) मंत्रालयाची, तिथं सीएनसी, कॅड-कॅम, डाय-मोल्डचे कोर्स चालतात. पाठवताना पगार चालू ठेवा, नाहीतर माणूस जाणार नाही.

संशोधनाचं नाव काढलं की लोक म्हणतात ते आपलं काम नाही. आहे की! एमएसएमई इनोव्हेटिव्ह नावाची योजना आहे, तिच्यातल्या डिझाइन भागात सूक्ष्म उद्योगाला प्रोजेक्टच्या खर्चाचे ७५ टक्के आणि लघु-मध्यमला ६० टक्के केंद्राकडून मिळतात, ४० लाखांपर्यंतच्या प्रोजेक्टला. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टला मर्यादा अडीच लाख. अर्ज बारा महिने उघडे नसतात म्हणून आधी तयारी करून ठेवायची. तयारी म्हणजे काय, तर अडचण आकड्यात लिहायची. 'फिक्स्चर (जॉब पकडायची चौकट) सुधारायचंय' असं लिहून काही होत नाही, 'या जॉबला शंभरातले सात बाद होतात, त्यातले पाच क्लॅम्पिंगमुळं, एका जॉबला लोडिंगला चार मिनिटं जातात' असं लिहिलं की ज्यांच्याबरोबर प्रोजेक्ट करायचा ते इंजिनिअरिंग कॉलेजचे सर खुर्ची पुढं ओढून बसतात.

हे आकडे कुठून आणायचे विचाराल तर आमच्याकडं ते अप्रेंटिसच्या लॉगबुकातून आले. दुसऱ्या पोरानं काय बिघडलं या रकान्यात रोज बाद जॉबची संख्या आणि कारण लिहिलं होतं, सहा महिन्यांचं, कुणी सांगितलं नसताना. कॉलेजच्या सरांपुढं मी त्याच वहीची झेरॉक्स ठेवली आणि बोलायला त्यालाच घेऊन गेलो.