तुटक्या लिंक शोधायला क्रॉलर लावताय? या चुका टाळा

इंदूरच्या बऱ्याच मराठी मंडळांच्या साइट मी सांभाळतो. वर्षानुवर्षांच्या स्मरणिका, स्पर्धांचे निकाल, सहलींची पानं असं बरंच काही तिथे साठलेलं असतं, त्यामुळे तुटक्या लिंकही निघतात. क्रॉलर (साइटवरची एकेक लिंक आपोआप उघडून बघणारा प्रोग्राम) लावून त्या शोधाव्यात, जरूर शोधाव्यात. पण नवीन माणूस आला की तीच ती घोडचूक पुन्हा होते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे घाई, आणि घाईत आलेल्या रिपोर्टवर डोळे मिटून विश्वास. स्क्रीमिंग फ्रॉग नावाचा क्रॉलर स्वतःहून ५ थ्रेडवर चालतो, म्हणजे एका वेळी ५ पानं मागतो. आमची उत्साही पोरं टूल उतरवतात आणि पहिलं काम काय, तर थ्रेड ५० करतात. मंडळांच्या साइट स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) असतात, त्यांना हा मारा झेपत नाही.

रामबागेकडच्या एका मंडळात गणेशोत्सवाच्या तोंडावर नेमकं हेच झालं. स्पर्धांची नावनोंदणी चालू होती आणि एका मुलाने भरदिवसा क्रॉलर पूर्ण वेगात सोडला. सर्व्हर आधी ४२९ हा एरर कोड देऊ लागला, मग ५०३. रिपोर्ट वरपासून खालपर्यंत लाल. त्या लाल ओळींतली एकही लिंक उघडून न बघता मुलाने त्या पानांवरून काढायला घेतल्या. स्मरणिकांच्या पीडीएफ गेल्या, निकाल गेले, रांगोळी स्पर्धेचा फॉर्मही गेला. संध्याकाळी काकूंचे फोन सुरू झाले, ‘अहो भाऊ, फॉर्म दिसतच नाहीये!’ फायली सर्व्हरवर जागच्या जागी होत्या, त्यांच्यापर्यंत जायची वाट तेवढी पुसली गेली होती. बॅकअप होता म्हणून निभावलं, पण बॅकअपनंतर आलेली नावं मेलमधून शोधून एकेक करून हाताने भरावी लागली.

४२९ म्हणजे ‘जरा हळू’. ५०३ म्हणजे ‘आत्ता जमत नाही’. लिंक मेली असं यातलं एकही सांगत नाही. ४०४ म्हणजे सापडलं नाही आणि ४१० म्हणजे कायमचं काढलं, खरा संशय घ्यायचा तो या दोघांवर. ४०३, म्हणजे ‘प्रवेश नाही’, बघून तर अजिबात हात लावू नका, कारण कित्येक सरकारी साइट क्रॉलरला दारातच अडवतात आणि ब्राउझरमध्ये छान उघडतात.

माझी पद्धत साधी आहे. एकच थ्रेड, दोन रिक्वेस्टमध्ये निदान एक सेकंद, आणि वेळ रात्रीची. लागू देत तासन् तास. दुसऱ्या दिवशी फक्त लाल ओळी पुन्हा तपासायच्या, आणि तरीही लाल राहिलेल्या स्वतः ब्राउझरमध्ये उघडायच्या. एवढा धीर नसेल त्याने दुसऱ्याच्या साइटला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक खास आपली, देवनागरीतली. ‘बुऱ्हाणपूर-सहल’ नावाची फाइल सर्व्हरवर दिसते, लिंकमध्येही तेच नाव आहे, तरी ४०४ येतो. लोक नाव पुन्हा टाइप करतात आणि पुन्हा ४०४ खातात. घोळ ‘ऱ’मध्ये असतो. तो युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाणित कोडमध्ये) दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक अखंड अक्षर म्हणून आणि दुसरा ‘र’खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन. पहिला ३ बाइटचा, दुसरा ६ बाइटचा. डोळ्याला फरक कळत नाही, पण बहुतेक सर्व्हरच्या लेखी ती दोन वेगळी नावं. म्हणून नाव टाइप करू नका, सर्व्हरवरून जसंच्या तसं कॉपी करा. मी तर फाइलचं नाव रोमन अक्षरांतच ठेवतो आणि पानावरचं शीर्षक देवनागरीत. जुनं नाव बदललंत तर ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप पाठवणारी सोय, विसरू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात.

ॲडमिनच्या लॉगिनने क्रॉलर कधीही चालवू नका. तो दिसेल त्या लिंकवर जातो, ‘डिलीट’वरसुद्धा.

कार्यक्रमांच्या कॅलेंडरमधली ‘पुढचा महिना’ ही लिंक कधी संपतच नाही. ते पान आधीच वगळा.

‘पान सापडलं नाही’ असं लिहून वर २०० कोड, म्हणजे ‘सगळं ठीक’, देणाऱ्या साइट असतात. क्रॉलर त्यांना पास करतो, म्हणून ते वाक्य वेगळं शोधा.

काही सर्व्हर हेड रिक्वेस्टला (पान न मागता नुसती त्याची माहिती विचारणं) नीट उत्तर देत नाहीत. तिथे गेट, म्हणजे पूर्ण पान मागणारी रिक्वेस्ट, वापरून बघा.

लिंकचेकर नावाचं दुसरं टूल बाहेरच्या साइटच्या लिंक सांगितल्याशिवाय तपासत नाही, आणि स्क्रीमिंग फ्रॉगची फुकट आवृत्ती ५०० यूआरएलवर (पत्त्यांवर) थांबते. रिपोर्ट स्वच्छ दिसला तर आधी या दोन गोष्टी बघा.

आणि पान खरंच गेलेलं असेल, तरी लिंक लगेच उडवू नका. वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणारी साइट) जुना पत्ता टाकून बघा. प्रत मिळाली तर मी तिची लिंक देतो आणि शेजारी ती कोणत्या तारखेची आहे तेही लिहितो. नाही मिळाली, तर लिंक काढून मूळ लेखाचं नाव मजकुरात तसंच ठेवतो, म्हणजे कुणाला शोधायचं असेल तर धागा राहतो.