शुगर असताना स्तनात गाठ आली? तपासणीतल्या या चुका टाळा

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'उजव्या स्तनात गाठ, मॅमोग्राफी' (म्हणजे स्तनाचा एक्स-रे) एवढंच असतं. बाई कितीतरी वर्षांपासून इन्सुलिन घेते आहे, हे कुठेच नसतं. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक.

बरीच वर्षं इन्सुलिनवर असलेल्या, विशेषतः टाइप १ मधुमेहाच्या आणि पाळी चालू असलेल्या बायकांना 'डायबेटिक मॅस्टोपॅथी' होऊ शकते. ही कॅन्सरची गाठ नाही. १९८४ मध्ये तिचं पहिलं वर्णन छापून आलं. तशी ती क्वचितच दिसते, पण भल्याभल्यांना चकवते. हाताला टणक, ओबडधोबड लागते, सहसा दुखत नाही, कधी दोन्ही बाजूंना असते. मॅमोग्राफीत स्तनाचा भाग इतका दाट पांढरा येतो की त्यात गाठ वेगळी दिसतच नाही. म्हणून 'मॅमोग्राफी नॉर्मल' वाचून थांबू नका, सोनोग्राफी कराच. तिथे मात्र वेडावाकडा काळा डाग आणि त्याच्यामागे गडद सावली दिसते. कॅन्सरही नेमका असाच दिसतो. एमआरआयनेही दरवेळी उलगडा होत नाही.

मग रिपोर्टवर 'बायरॅड्स ४' किंवा '५' (फोटोवरून कॅन्सरचा संशय किती, ते सांगणारा आकडा) येतं आणि घरात रडारड सुरू होते. तो आकडा म्हणजे निदान नव्हे. तुकडा काढून तपासा, एवढाच त्याचा अर्थ.

तुकडा म्हटला की पुढची चूक येते: 'आधी बारीक सुईनं बघू'. या गाठीत नुसते घट्ट तंतू असतात, बारीक सुईत पेशीच येत नाहीत. 'नमुना अपुरा' असा रिपोर्ट येतो आणि घरचे समजतात, चला, काही निघालं नाही! जाड सुईची, म्हणजे कोअर बायोप्सीच लागते. शुगरमुळे हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर आधी सांगा. आपल्या मनानं बंद करू नका.

उलटा शहाणपणाही नको. 'शुगरचीच गाठ असेल' म्हणून बायोप्सी टाळणं धोक्याचं आहे; मधुमेह असलेल्या बाईला कॅन्सर होत नाही असं थोडंच आहे? पण बायोप्सीत मॅस्टोपॅथी निघाली आणि ती फोटोशी जुळली, तर गाठ कापून काढायची घाई सहसा नसते. कापली तरी पुन्हा येऊ शकते. लक्ष ठेवायचं, नवी गाठ लागली तर ती नव्यानंच तपासायची.

आता नागपूरच्या उन्हाळ्याचं. मे महिन्यात घामोळ्यांची पावडर लावून मॅमोग्राफीला जाऊ नका. काखेतले पावडरचे कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात, आणि तसे ठिपके कधी कधी कॅन्सरची खूण असतात. पण खरे ठिपके रक्तवाहिन्यांच्या भिंतीत, रुळांसारखे समांतर असतील तर ते मधुमेहात दिसतात आणि स्तनाच्या दृष्टीने निरुपद्रवी असतात. मॅमोग्राफीला किंवा सोनोग्राफीला उपाशीही जायचं नसतं. सकाळचं इन्सुलिन घेऊन, न खाता रांगेत बसलेली बाई शुगर उतरून घामाघूम होते आणि बाकीचे म्हणतात, ऊन लागलं असेल बाप्पा! एमआरआय असेल तर इन्सुलिन पंप आणि शुगरचा सेन्सर लावल्याचं आधीच कळवा.

गोंदिया-चंद्रपूरहून नागपूरच्या मेडिकलला किंवा मेयोला (दोन्ही सरकारी रुग्णालयं) दाखवायला येताना नुसता रिपोर्टचा कागद आणू नका. जुन्या फिल्म, सीडी आणि बायोप्सीच्या स्लाइड-ब्लॉक (काचपट्ट्या आणि मेणात जपलेला तुकडा) मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना तेच बघायचं असतं.