अझेलिया: आधी मातीचा सामू, मग सुईच्या टोकावरचे पराग

अझेलिया या फुलझुडपाची पानं पिवळी पडली की बरेच जण खताची पिशवी उघडतात. मी आधी मातीचा सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल आहे ते) बघते. तो ४.५ ते ६ च्या दरम्यान हवा. त्याच्या वर गेला तर मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. शिरा हिरव्या, मधलं पान पिवळं, ही त्याची ओळख. क्षारयुक्त पाण्याने सामू हळूहळू चढत जातो, म्हणून पावसाचं पाणी साठवून तेच घालावं. राख आणि चुना तर लांबच ठेवा.

मुळं केसासारखी बारीक आणि अगदी वरच्या थरात. रोप खोल पुरू नका, वर कुजलेला पालापाचोळा पसरा, खोडाभोवती थोडी जागा मोकळी सोडा. खुरपं तिथे चालवूच नये. सकाळचं ऊन, दुपारची सावली. छाटणी फुलं ओसरल्याबरोबर. लांबवलीत तर पुढच्या बहराच्या कळ्याच छाटल्या जातात.

जमल्यास एकेरी फुलांची जात घ्या. भरगच्च डबल फुलात बऱ्याचदा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. दिसायला झकास, मधमाशीच्या हाती फारसं काही नाही. एकेरी फुलाच्या वरच्या पाकळीवर ठिपके दिसतील, ती मकरंदाकडे जाणारी वाट. परागकोश (पुंकेसराच्या टोकावरची परागांची पिशवी) उभा फाटत नाही, त्याच्या टोकाला दोन भोकं असतात. सुईचं टोक तिथे टेकवून हळूच ओढा: पराग पुडीसारखे झडत नाहीत, चिकट तंतूंत ओवलेली माळच बाहेर येते. म्हणून ते कीटकाच्या अंगाला लोंबतात. काही जातींत तर फुलपाखराच्या पंखांवरूनही ते दुसऱ्या फुलावर पोचतात.

स्वतः संकर करायचा तर उमलायच्या बेतात असलेल्या कळीच्या पाकळ्या आणि पुंकेसर काढून टाका. पाकळ्या नसल्या की मधमाशी सहसा फिरकत नाही. कुक्षी (फुलाच्या मधल्या स्त्रीकेसराचं टोक) चकचकीत, चिकट झाली की दुसऱ्या झाडाची परागमाळ तिच्यावर टेकवा आणि फांदीला दोरा बांधून दोन्ही जातींची नावं लिहा (लक्षात राहील म्हणता, राहत नाही). बोंड पिकायला काही महिने लागतात. ते तपकिरी होताच, फुटायच्या आत काढा. बी धुळीइतकं बारीक असतं, ओल्या शेवाळावर नुसतं भुरभुरवा, वर माती टाकू नका.

घरात शेळी किंवा कुत्रं असेल तर झाड त्यांच्या तोंडापासून दूर लावा. पानं विषारी आहेत.