बोर्ड ओला झाला की तगडा हातही अडकतो: या चुका टाळा

होल्डेम पोकरमध्ये प्रत्येकाच्या हातात दोन पानं असतात आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच पानं (हाच बोर्ड) उघडतात: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं (रिव्हर). हातात जोडी असताना फ्लॉपवर सेट, म्हणजे त्याच आकड्याचं तिसरं पान, लागण्याची शक्यता साधारण 11.8 टक्के, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. इतकी वाट पाहून मिळालेला हात सोडवत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण दुसरा आकडाही ध्यानात असू द्या: फ्लॉपच्या तीन पानांत दोन एकाच रंगाची (उदाहरणार्थ दोन्ही इस्पिक) असण्याची शक्यता 55 टक्के, आणि तिन्ही एकाच रंगाची असण्याची 5 टक्के. म्हणजे ओला म्हणजेच ‘धोक्याचा बोर्ड’, जिथे समोरच्याला फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) किंवा स्ट्रेट (ओळीने पाच पानं) लागू शकतो, हा काही अपवाद नाही, तो रोजचाच आहे. बहुतेक खेळाडू घाबरतात, पण नको तिथे. पैसे लावायला हवेत तेव्हा गप्प बसतात आणि थांबायला हवं तेव्हा हट्टाला पेटतात.

फ्लॉपवर सापळा लावत बसणं

समजा 100/200 चा कॅश गेम, म्हणजे स्मॉल ब्लाइंडला 100 आणि बिग ब्लाइंडला 200 पानं पाहण्याआधीच लावावे लागतात. दोघांकडे 20,000 चे स्टॅक (समोरचे पैसे). तुम्ही बटनवर (फ्लॉपनंतर शेवटी चाल करण्याची जागा) किलवर अठ्ठी आणि चौकट अठ्ठी घेऊन 600 केले. बिग ब्लाइंडने कॉल केला (तेवढेच लावले), स्मॉल ब्लाइंड गेला. पॉट (मधोमध जमलेले पैसे) 1,300. फ्लॉप येतो: इस्पिक गुलाम, बदाम अठ्ठी, इस्पिक सत्ती. समोरचा चेक करतो, म्हणजे पैसे न लावता पाळी पुढे देतो.

इथे ‘आत्ता गप्प राहू, टर्नला मारू’ म्हणून चेक करणं ही सगळ्यात महागडी सवय. दोन इस्पिक धरून बसलेल्याला पुढचं पान फुकट मिळतं. पाच-सहा किंवा सहा-नऊ धरलेल्यालाही मिळतं. आणि ज्याच्याकडे नुसता गुलाम आहे, तो आत्ता आनंदाने कॉल करेल. टर्नला चौथं भयानक पान पडलं की तोच हात आवरता घेईल. म्हणजे हरणारा पैसे वाचवतो आणि जिंकणारा फुकटात जिंकतो.

किती लावायचे? फ्लश ड्रॉवाल्याच्या (चार इस्पिकं जुळली, पाचव्याची वाट पाहणारा) नजरेने नऊ इस्पिकं उरली आहेत आणि 47 पानं अनोळखी, म्हणजे पुढच्याच पानावर फ्लश 19 टक्के वेळा. तुम्ही 430 लावले, म्हणजे पॉटचा तिसरा हिस्सा, तर त्याला कॉल परवडायला 20 टक्के वेळा जिंकावं लागतं (430 भागिले कॉलनंतरचा 2,160 चा पॉट). जवळजवळ बरोबरी, वर फ्लश लागल्यावर तुमच्याकडून आणखी काढता येतील ही आशा धरली तर त्याचा फायदाच. 900 लावलेत तर त्याला 29 टक्के लागतात. आता त्याचा कॉल महागात जातो, आणि गंमत म्हणजे तो तरीही करतो. त्यातही त्या नऊ इस्पिकांतली अठ्ठी तुम्हाला चार अठ्ठ्या देते. त्याला आपली वाटणारी नऊ पानं प्रत्यक्षात आठच आहेत.

फ्लॉपवरच रेझ (तुमच्या बेटवर वाढ) आली तर? दश्शी-नव्वीला स्ट्रेट लागून चुकला आहे हे खरं. पण त्याच रेझमध्ये गुलाम-सत्ती आहे, सत्तीचा सेट आहे, मोठे ड्रॉ आहेत. आणि समोर खरंच स्ट्रेट असला तरी रिव्हरपर्यंत तुमचा हात सुमारे 35 टक्के वेळा भरतो, म्हणजे फुल हाउस (तीन एका आकड्याची, दोन दुसऱ्या) किंवा चार अठ्ठ्या होतात. शंभर ब्लाइंडच्या स्टॅकवर एकाच माणसासमोर हा सेट सोडायचा नसतो.

टर्नला हातपाय गाळणं

900 कॉल झाले, पॉट 3,100. टर्न: इस्पिक दुर्री. बरेचजण इथे हिशेब सोडून देतात. काही ‘लागला असेल तर लागला’ म्हणत सगळं ढकलतात. मग फक्त फ्लश कॉल करतो. काही चेक करून पुढच्या बेटला फोल्ड करतात (हात टाकतात).

आधी हात भरणारी तुमची पानं मोजा. एक अठ्ठी, तीन गुलाम, तीन सत्त्या, तीन दुर्र्या: दहा. 46 अनोळखी पानांत दहा, म्हणजे जवळपास 22 टक्के. समोरच्याने चेक केला तर 1,000 ते 1,500 लावा. गुलामवाला, दोन जोड्यावाला, एकटा इस्पिक एक्का धरून चौथ्या इस्पिकची वाट पाहणारा, असे सगळे यात राहतात.

तुम्ही 1,200 लावले आणि त्याने 4,000 केले, असं धरा. पॉट झाला 8,300, तुम्हाला आणखी 2,800 घालायचे. लागतात 25 टक्के, तुमच्याकडे 22. समोर दर वेळी फ्लशच आहे असं मानलं तरी हात भरल्यावर त्याच्याकडून सरासरी 1,800 निघाले की हिशेब जुळतो, आणि मागे 14,500 पडलेत. इथे फोल्ड करणं म्हणजे नुसतं भिणं. पण त्याने एकदम सगळे 18,500 ढकलले असते, तर कॉलला 40 टक्क्यांहून जास्त लागले असते, आणि मागे काढायला काहीच उरलं नसतं. हात तोच, पानं तीच, निर्णय उलटा. फरक फक्त भावाचा.

रिव्हरला बोर्डवर जोडी पडली नाही आणि मोठी बेट आली, तर आधी आपल्या हातातल्या इस्पिककडे बघा. या उदाहरणात एकही नाही, म्हणजे समोरच्याचा एकही फ्लश तुम्ही अडवत नाही. सोडा. ‘एवढे घातलेत, आता बघूनच जाऊ’ हे वाक्य डोक्यात आलं की तो पैसा गेलाच समजा.

तिन्ही पानं एकाच रंगाची

इथे नियम उलटतो, आणि तो लोक फार चुकवतात. सेटने पॉटएवढी बेट मारलीत तर कॉल करणारा बहुधा तयार फ्लशवालाच उरतो. तिसरा हिस्सा पुरे. एकटं मोठं पान धरलेले, एका जोडीवाले, सगळे राहतात.

ज्यांना तगडं समजतात ते हात

एक्क्यांची जोडी म्हणजे गुलाम-अठ्ठी-सत्तीवर फक्त एक जोडी. त्यात इस्पिक एक्का आहे की नाही याने खूप फरक पडतो: असेल तर सगळ्यात मोठा फ्लश समोर असूच शकत नाही. तीन-चार जण पॉटमध्ये असतील तर ही जोडी आणखी सावकाश खेळा.

सत्ती-अठ्ठी-नव्वीवर पंजी-छक्की धरून उड्या मारू नका. दश्शी-छक्की आणि गुलाम-दश्शी दोन्ही तुमच्या वर आहेत, आणि मोठ्या पॉटमध्ये पैसे घालणारा तेच घेऊन बसलेला असतो.

दोन जोड्यांचं आणखी वाईट. गुलाम-अठ्ठी-सत्तीवर तुमच्याकडे अठ्ठी-सत्ती आहे आणि टर्नला दुसरा गुलाम पडतो. तुमची सत्तीची जोडी खाल्ली गेली, उरला गुलाम-अठ्ठी. फ्लॉपवर मागे असलेल्या राण्यांच्या जोडीलाही तुम्ही आता हरता. पान निरुपद्रवी दिसतं म्हणून लोक बेट चालू ठेवतात.

पानं नीट न पाहणं

पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा ऑगस्ट 2025 मध्ये झाला, त्यानंतर स्क्रीनवर सवय झालेले अनेकजण गोव्याच्या कॅसिनो टेबलांकडे वळले. स्क्रीनवर चार रंगांना चार वेगळे शाईचे रंग ठेवता येतात. टेबलावर फक्त लाल आणि काळा. घाईत किलवर इस्पिकसारखं दिसतं आणि नसलेला फ्लश मोजला जातो. पानं वाटली की एकदाच, अंगठ्याने कोपरा उचलून रंगासकट पाठ करा. तिसरं इस्पिक पडल्यावर पुन्हा पाहायला गेलात, तर आपल्याकडे एखादं इस्पिक आहे का हे तपासताय, हे सगळ्या टेबलाला कळतं. समोरचा तसं करताना दिसला तर त्याच्याकडे तयार फ्लश बहुधा नाही: दोन इस्पिकं हातात असलेल्याला ती आठवत असतात.