विमानाचा वेळ मोजताना या चुका टाळा

ऑगस्ट आला की जालना, परभणी, लातूरकडच्या पोरांची अमेरिकेला निघायची धांदल सुरू होते, आणि त्याच त्या चुका पुन्हा बघायला मिळतात. मी संभाजीनगरात तिकिटं काढून देतो. चुका साध्या असतात, पण फार महागात पडतात.

सगळ्यात वाईट चूक मध्यरात्रीच्या तारखेची. परभणीच्या एका पोराचं विमान 15 ऑगस्टला 00:45 वाजता होतं. तिकीट त्यांनी मोबाइलवरूनच काढलेलं. प्रिंट प्लॅस्टिकच्या फोल्डरात, तारखेभोवती आईनं निळ्या पेननं गोल केलेला. 15 ला सकाळी झेंडावंदन झालं, ओवाळणं झालं, मग गाडी निघाली. रात्री नऊला विमानतळाच्या दारावर जवानानं तिकीट पाहिलं आणि सांगितलं, विमान काल रात्रीच गेलं. मला फोन आला, "भाऊ, तारीख तर आजचीच हाय, मग इमान गेलं कसं?" मागं आईचं रडणं ऐकू येत होतं. नवं तिकीट चार दिवसांनंतरचं मिळालं, तेही जवळपास दुपटीनं.

मी त्यांना बोल लावला नाही. आपला वार सूर्योदयाला बदलतो. रात्री पावणेएक म्हणजे आपल्यासाठी अजून "आज रात्री"च. विमानतळाची तारीख मात्र बाराच्या ठोक्याला बदलते. तेव्हापासून अशा प्रत्येक तिकिटावर मी लाल पेननं लिहितो: "14 ला रात्रीचं जेवण मुंबईत."

दुसरी चूक वजाबाकीची. मुंबईहून रात्री 1:30 ला निघून न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी 7:30 ला उतरायचं, म्हणजे सहाच तास? नाही. तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावची आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची असते. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागं असतं, म्हणून प्रवास साडेपंधरा तासांचा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागं जातात, मग फरक साडेदहा तासांचा होतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा साडेनऊ. बोटांवर मोजू नका. तिकिटावर "एकूण कालावधी" छापलेला असतो, तोच धरा.

अंतराला वेगानं भागून वेळ काढणारेही भेटतात. मुंबई–न्यूयॉर्क साधारण 12,500 किलोमीटर, ताशी 900 धरले तर चौदा तास येतात. पण वर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून लागतो, येताना पाठीशी असतो, म्हणून परतीचा प्रवास बहुधा तास-दीड तासानं कमी. त्यात एखाद्या देशानं आकाश बंद केलं की वळसा पडतो. एप्रिल 2025 पासून पाकिस्ताननं भारतीय विमानांना वाट बंद केली, तेव्हा हेच झालं.

स्वस्तात पडतं म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं जोडू नका. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी थांबत नाही, पैसेही देत नाही. घाईच्या पोरांना हे किती सांगितलं तरी पटत नाही, याचं वाईट वाटतं.

आणि प्रवास मुंबईत सुरू होतो असं समजू नका. नांदेडहून बहुतेक रेल्वेगाड्यांनी मुंबईलाच बारा तासांच्या आसपास लागतात, वर विमानतळावर तीन तास आधी पोचायचं. पहाटेचं विमान असेल तर मी आदल्या दिवशी सकाळीच मुंबईत उतरायला लावतो.