उसाच्या आडून गाडी मेन रोडला काढायची कशी

काच पुसलीय, आरसे लावलेत, मोबाईल खाली ठेवलाय असं धरून चालतो.

पलूस-वाळव्याकडं पाऊस संपेपर्यंत ऊस डोक्याच्या वर जातो आणि तोड येईपर्यंत शेतातनं मेन रोडला लागणारी प्रत्येक वाट आंधळी होते. "हॉर्न मारायचा आणि काढायची" असं सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका, ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर टेप एवढा मोठा असतो की त्याला काही ऐकू जात नाही.

तोंडाशी गाडी पूर्ण थांबवा, फर्स्ट टाका. शेजारी कोणी असेल तर खाली उतरवून बघायला लावा.

समोरचा ब्रेक मारेल या भरवशावर राहू नका. 60 च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. रस्त्याचे इंजिनिअर ड्रायव्हरला दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत 2.5 सेकंद धरतात, म्हणजे 42 मीटर नुसते त्यातच गेले, गाडी उभी राहीपर्यंत 80. आता कोपऱ्यावर उभं राहून बघा, उसातनं 80 मीटर दिसतंय का?

आता मला जे कळायला लय वर्षं लागली ते. काचेच्या दोन्ही बाजूचे खांब. आमची वाट रोडला तिरकी लागते, मी हळूहळू पुढं सरकत होतो, डावीकडं बघितलं, रोड मोकळा, आणि एकदम बोनेटसमोर मोटारसायकल, मागं बाई, तिच्या मांडीवर पोरगं. वीतभर अंतरानं वाचले ते. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. ती गाडी आभाळातनं पडली नव्हती, माझी गाडी आणि त्याची गाडी अशा बेतानं चालली होती की तो सगळा वेळ त्या डाव्या खांबाच्या मागंच राहिला. सरकत सरकत बघितलं की हे होतंच. म्हणून गाडी उभी करूनच बघायचं, आणि नुसती मान फिरवून नाही, कंबरेतनं पुढं वाकायचं, मग मागं व्हायचं, म्हणजे खांबामागचं उघडं पडतं. नजर पण झटक्यात फिरवू नका, डोळा पळत असताना मधलं काही दिसत नसतं, दोन-तीन ठिकाणी थांबवत न्या.

उजवीकडं, डावीकडं, परत उजवीकडं. मोकळं दिसलं की रेंगाळू नका, काढा.

आणि कोपऱ्यावरचा ऊस तुमचाच असेल तर पुढच्या लागणीला तिथल्या चार-पाच सऱ्या सोडा, भुईमूग टाका.